खांदशेकणीचं पत्र

मुलगा मेलबर्नला गेला तेव्हापासून मी त्याला सणासुदीला पत्र लिहिते. पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी. हातात मोबाइल असताना ही बाई पत्रं कशाला लिहिते म्हणून बाभुळगावच्या पोस्टातले लोक हसतात. हसू देत. सणाला व्हिडिओ कॉल लागला की फोन दिराच्या हातातून जावेच्या, जावेच्या हातातून शेजारणीच्या हातात जातो आणि जो तो विचारतो, जेवलास का, तिकडे थंडी आहे का. त्याच खोलीत खाटेवर नवरा पडलेला. त्याच्यादेखत मी काय डोंबल सांगणार? जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. शाळेत गोड बोलले, सासरी गोड बोलले. खरं बोलायला मला त्या पत्राएवढीच जागा होती.

ह्यांना लकवा झाल्यावर आम्ही बैलजोडी विकली. त्यामुळे यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, शेकायला खांदेच नव्हते. दरवर्षी हेच बैलांच्या खांद्यांवर तूप-हळद चोळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचे. संध्याकाळी गल्लीतून लोकांच्या बैलांचे घुंगरू वाजायला लागले तसे हे म्हणाले, "बैल नाईत तं माहे खांदे शेक." थट्टाच होती. मीही हौसेनं वाटीत तूप-हळद कालवून बसले आणि चोळता चोळता म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." हे हसले. किती महिन्यांनी हसले. पण हसता हसता त्यांना आवरलं नाही, सगळं अंथरुणातच झालं. तुपाचा वास आणि तो वास एक झाला. मी न्हाणीत पळाले, नळ मोठा सोडला आणि ओकले. मग बादली घेऊन परत आले आणि सगळं आवरलं.

हे मी मुलाला जसंच्या तसं लिहिलं. पुढे कित्येक दिवस वरणातली हळदसुद्धा सोसली नाही, तेही लिहिलं. तुझ्या बापाची मला किळस येते, रोज येते, आणि रोज मी त्यात हात घालते, असं लिहिलं. पाकीट पोस्टात टाकल्यावर मला बरं वाटलं.

दसऱ्याच्या आधी शेजारीण डोळ्यांना पदर लावत आली. मुलानं माझं पत्र इंटरनेटवर टाकलं होतं आणि तिच्या लेकीनं ते तिला फोनवर दाखवलं होतं. ह्यांच्या उशाशी उभी राहून तिनं ते मोठ्यानं वाचलं. तूप होतं, हळद होती, आवतण होतं. हे हसले, तिथे पत्र संपत होतं. खाली मुलानं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, यालाच प्रेम म्हणतात. मला शिसारी आली. इतके महिने घाण उपसली, पण अशी शिसारी कधी आली नव्हती.

मग रीघच लागली. शाळेतल्या जुन्या मुली आल्या, भजनी मंडळातल्या बाया आल्या. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेलं एक जोडपं वाट वाकडी करून आमच्याकडे पेढे घेऊन आलं. एक जण माझ्या पायाच पडली. तुम्ही म्हणजे सावित्री हो, म्हणाली. मला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी होतं. दुसरी म्हणाली, ताई, पुन्हा एकदा खांद्याला हळद लावा ना, फोटो काढते. हळद तिनं घरूनच पुडीत आणली होती. मी सांगितलं, तूप संपलं. आणि ह्या सगळ्या भक्तिणी बसायच्या कुठे, तर दाराजवळ, नाकाला पदर लावून.

मी मुलाला फोन केला. त्याचं आपलं सुरूच, लोकांना किती आवडलं बघ, दिवाळीचं पत्र जरा लवकर टाक. मी विचारलं, बाकीचं पत्र कुठे गेलं? तो म्हणाला, "ते कशाला, आई? बाबांना वाईट वाटलं असतं ना." बाबा चार हातांच्या अंतरावर पडून ऐकत होते, म्हणून मी फोन बंद केला. बापाच्या नावानं स्वतःचं नाक झाकणारा हा मुलगा मीच वाढवला. दिवाळीचं पत्र लिहायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. म्हणजे आता उरलेला जन्म गोडच बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचं अंथरूण बदलत होते. ह्यांनी विचारलं, "त्या दिशी तू न्हाणीत ओकून राह्यली होती. ते काहून नाही लिवलं?"

नळाच्या आवाजात ह्यांना काही ऐकू गेलं नसेल, अशीच माझी समजूत होती. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलंही.

"लिवलं होतं," मी म्हटलं. "पोरानं काढून टाकलं."

ह्यांनी जमेल तेवढी कंबर उचलली. मी खालचं ओलं कापड ओढून घेतलं, कोरडं सारलं.

"त्याले घिन आली असन," हे म्हणाले. "आपल्या दोघाची."