एकविसावा मणी

कुसाबाईनं आयुष्यात कुणाचा बांध कोरला नाही, की कुणाच्या घरात भांडण लावलं नाही. तरी सत्तेचाळीस वर्षं एक गोष्ट तिच्या पोटात होती. तिच्या आईनं नाशकाच्या बाजारातून घेतलेला एक काळा मणी तिच्या हलगर्जीपणानं तीन हजार वर्षांचा होऊन बसला होता. शिकल्यासवरल्या माणसांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली होती.

झालं होतं ते असं. नाशिक रोडहून दारणेच्या कडेकडेनं आत गेलं की तिचं गाव. गावाच्या उशाला पांढऱ्या मातीचं टेकाड, त्याला सगळे पांढरीच म्हणतात. चूल लिंपायला तिथली माती आणायची, एवढंच गावाला तिचं कौतुक. मग एके वर्षी कॉलेजातले गायधनी सर आले. त्यांनी तंबू ठोकले आणि सांगितलं, की या टेकाडाच्या पोटात जुनं गाव आहे, ते हलक्या हातानं उकरायचं. गावच्या बाया मजुरीला लागल्या. कुसाबाई त्यांतलीच. वय एकवीस, घरी सोमनाथ पाळण्यात, आणि नवरा बहिरू इगतपुरीकडे धरणाच्या कामावर.

सर मोठे प्रेमळ. खड्ड्याच्या भिंतीवर मातीचे पट्टे दाखवून सांगायचे, "हे थर. उतरंडीतलं तळाचं मडकं आधी ठेवतो ना, तसंच इथं. खालचं ते जुनं." कुसाबाई तीन यत्ता शिकलेली, पण हे तिला चटकन उमगलं. तळाचं मडकं घरात आधी येतं, हे बाईमाणसाला कुणी शिकवायला लागत नाही.

पाचव्या थरावर काम चाललं होतं. वाकून मातीची पाटी उचलताना पाटीचा काठ तिच्या गळ्यातल्या पोतीत अडकला आणि दोरा तुटला. मणी मातीत घरंगळले. आता पोत तुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. आणि घरधनी परगावी असताना तर तेही कुणाजवळ बोलायचं नसतं. कुसाबाईनं आवाज न करता मणी पदरात वेचले, वाट्या वेचल्या, पदर कमरेला खोचला आणि पुन्हा पाटी उचलली.

घरी येऊन तिनं मणी ताटात टाकले आणि मोजले. जन्मात पहिल्यांदा. कारण सासू धोंडाबाईंचा दंडक होता, पोतीचे मणी मोजू नयेत, सौभाग्याला टाचणी लागते. पण लग्नात आईनं पोत गळ्यात घालताना सांगितलेलं तिच्या पक्कं ध्यानात होतं, "एकवीस मणी हायेत गं, जप."

ताटात वीसच होते.

तिनं पुन्हा मोजले. मग नव्या दोऱ्यात वीस मणी ओवले, पोत गळ्यात घातली आणि गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात माती झाडता झाडता एका गड्याला काळा मणी मिळाला. सरांनी तो चिमटीत धरला, लगेच कापसात घालून डबीत ठेवला. कुसाबाईला लांबूनच दिसला, काळा आणि तिच्याच मण्याएवढा. सर स्वतःशीच म्हणाले, "काच. पाचव्या थरात काच." त्यांनी गावातून गुळाची ढेप आणवली, सगळ्यांना खडा खडा वाटला. कुसाबाईनं तो तोंडात घातला, पण घास गिळवेना. हळूच काढून तिनं तो शेळीपुढे टाकला. शेळीला काही इतिहासाचं ओझं नव्हतं, तिनं खाल्ला.

पुढे सरांनी पुस्तक लिहिलं. आपल्या भागात तीन हजार वर्षांपूर्वी काचेचे मणी होते, असं त्यात म्हटलं. दुसऱ्या एका विद्वानांनी सांगितलं, काच इथं आली ती पाचशे वर्षांनंतर, हा मणी वरच्या थरातून उंदराच्या बिळावाटे खाली घसरला. मग सर त्यांच्यावर, ते सरांवर. बहिरू पेपर वाचायचा आणि हसायचा. "कुसे, उंदरावरनं प्रोफेसर भांडत्यात बघ." ती भाकरी थापत म्हणायची, "भांडू द्या." बिचाऱ्या उंदरावर उगाच आळ येतोय, हे तिच्या ओठांवर यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. बहिरू गेला, पोत ट्रंकेत गेली, गोष्ट पोटात राहिली.

औंदा मात्र गोष्ट अगदी गळ्याशी आली. निकिता मॅडम नावाची तरणी मुलगी, सरांच्याच कॉलेजातली, जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा घेऊन बसली. मणी खरंच पाचव्या थरातला की उंदराचा, याचा एकदा निकाल लावायचा म्हणे. त्यात ग्रामपंचायतीला हुरूप आला. वेशीवर दगडी फलक तयार झाला, 'येथे तीन हजार वर्षांपूर्वी काचेचे अलंकार वापरत'. रविवारी गायधनी सरांच्या हातून त्याचं उद्घाटन. सर आता चौऱ्याऐंशीचे.

कागदावरचं खोटं वाळवी तरी खाते, पण दगडावरचं कोण खाणार? कुसाबाईचं जेवण तुटलं.

घरात तिची नात हर्षाली बाळंतपणाला आलेली, सोमनाथची लेक. तिचा रुद्र दीड महिन्याचा. हर्षाली म्हणाली, "आजी, रात्रंदिवस बाळ रडतंय ते माझं, आणि डोळे तुझे का सुजलेत?"

कुसाबाईनं तिला सगळं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

हर्षालीनं बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "म्हणजे पणजीनं बाजारातून आणलेल्या मण्याचा फलक लावतायत?"

"हसू नको, पोरी."

"हसत नाही. चल, सांगून टाकू."

गुरुवारी दोघी पांढरीवर गेल्या, रुद्र हर्षालीच्या कुशीत. सर खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर शाल. निकिता खड्ड्यातून वर आली. कुसाबाईनं पदर सावरला आणि उभ्या उभ्या सांगितलं. दोरा, पदर, ताट, वीस मणी. शेवटी म्हणाली, "उंदराचं काय नाय त्यात, सर. मीच ती."

निकितानं हातावरची माती झटकली. सरांनी चष्मा काढला, शालीच्या टोकानं पुसला.

"कुसाबाई," ते म्हणाले, "त्या दिवसांत तुमच्या गळ्यात मी नवा दोरा पाहिला होता. बाकी सगळ्या बायांचे दोरे तेलकट, काळे पडलेले. तुमचा कोरा. मणी सापडला त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं होतं."

"मग इचारलं का नाय?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

कुसाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. एवढा मोठा माणूस, पण तिच्यासारखाच; तो न विचारता बसलेला, ती न सांगता.

"उंदीर म्हणणाऱ्यांशी मी इतक्या जोरानं का भांडलो, ते आज तुम्हाला कळलं असेल," सर म्हणाले. "एकदा मणी वरून आला म्हटलं, की कुठून आला हे कुणीतरी विचारणारच. उंदीर परवडला असता. पोत परवडली नसती."

निकितानं मधेच तोडगा काढला. सापडलेला मणी कॉलेजच्या कोठारात आहे, शनिवारी घेऊन येते; आजींनी आपली पोत आणावी, दोन्ही शेजारी ठेवून पाहू. तुमचाच निघाला तर फलक लागणार नाही. सरांनी मान हलवली. "नाही लागणार. मी स्वतः सांगेन."

कुसाबाई घरी आली ती निम्मी हलकी होऊन. उरलेली निम्मी सरांसाठी जड होती.

शुक्रवारी रुद्राला अंघोळ घालायला ती पाटावर बसली. पाय पसरून त्यावर बाळ, बाजूला तेलाची वाटी. त्याच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी ओली होऊन दोरा सैल झाला होता. ही मनगटी घरातलीच. सोमनाथला बांधली ती धोंडाबाईंनी. मग सोमनाथच्या पोरांना, आता रुद्राला. दोरे बदलले, मणी तेच.

"दोरा बदलायला झालाय गं," कुसाबाई म्हणाली. हर्षालीनं बाळ टिपून घेतलं आणि आजीनं मनगटी सोडून मणी हातावर घेतले. सहा बारके आणि मधला एक टपोरा. दारातलं ऊन तिच्या तळव्यावर पडलं होतं. बारके सगळे कुट्ट काळे. टपोऱ्याची कड मात्र जांभळी झाली, पिकल्या जांभळाच्या सालीसारखी.

तिनं तो वर धरला. जांभळी.

"हर्षे, ट्रंकेतली पोत काढ."

पोत उन्हात धरली. वीसच्या वीस मणी कडेला जांभळे. टपोरा त्यांच्याशेजारी ठेवला. भाऊ भावांत बसावा तसा बसला.

मग तिला आठवलं. सोमनाथच्या वेळी बाळंतपणात पोतीचा दोरा तेलानं चिकट झाला होता. धोंडाबाईंनीच ती उतरवून नव्यानं ओवून दिली होती. "सूनबाई, पड तू, मी ओवते." आणि त्याच दुपारी नातवाच्या मनगटाला दृष्टीचा मणी बांधला होता. आईच्या पोतीतला मणी बाळाला लागत नाही, राखतो, असं त्या म्हणायच्या. काढला एक, सांगितलं नाही. आणि सुनेनं मोजू नये म्हणून दंडकही त्यांचाच.

म्हणजे पांढरीवर दोरा तुटला तेव्हा गळ्यात मुळात वीसच होते.

कुसाबाई खाली बसली, पाटावरच. हर्षालीला वाटलं चक्कर आली. पण ती हसत होती, पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. "आत्याबाई," ती गेलेल्या सासूला म्हणाली, "वर येते तेव्हा बोलते तुमच्याशी. तुमच्या पायी शेळीला गूळ घालावा लागला."

शनिवारी ती पांढरीवर गेली ती पोत, टपोरा मणी आणि पदराच्या गाठीत एक पुडी घेऊन. निकितानं डबी उघडली. कुसाबाईनं कापसातला मणी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला आणि उन्हाकडे धरला.

कड हिरवी होती. बाटलीच्या काचेसारखी.

"ह्यो माझा नाय," ती म्हणाली. आणि मग आपले एकवीस जांभळे मणी एकेक करून सरांच्या तळव्यावर मोजले. मोजताना एकदा तिनं आभाळाकडे पाहिलं, धोंडाबाई ऐकत असतील म्हणून.

सरांनी ते मणी पुन्हा मोजले, निकितानंही मोजले. मग सर म्हणाले, "हिरवट कड आहे हे मी पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय."

"तुमचं विंग्रजी पुस्तक मला कुठं वाचता येतंय," कुसाबाई म्हणाली, "आणि माझी पोत तुमाला कुठं उन्हात धरता येत व्हती."

सर खुर्चीत मागे टेकले. तळव्यावरचे मणी त्यांनी कुसाबाईच्या ओंजळीत परत घातले. निकिता हळूच म्हणाली, की मणी आजींचा नाही एवढंच ठरलंय, उंदराचा प्रश्न अजून आहेच, खड्डा पुरा व्हायला महिना लागेल. फलक तोवर थांबवलेला बरा.

"थांबू दे," सर म्हणाले. "उंदराशी भांडायला मला आता मजा येईल."

कुसाबाईनं पदराची गाठ सोडली. पुडीत गूळ होता. तिनं एक खडा सरांना दिला, एक निकिताला, एक हर्षालीला. आपला खडा तिनं तोंडात घातला आणि डोळे मिटून तो पुरता विरघळू दिला.