मोराच्या डोळ्यातली दाढ

दाढ जागेवर नव्हती. संध्याकाळी आमच्या प्रोजेक्टचे सर येणार होते. ती दाखवली तर माझं काँट्रॅक्ट वाढणार, नाहीतर सामान बांधायचं.

माझं काम जीवाश्म निवडण्याचं. सुरतजवळच्या लिग्नाइट खाणीतली माती पोत्यांनी येते. ती जाळीत धुवायची, वाळवायची, उरलेला चुरा भिंगाखाली चिमट्याने निवडायचा. त्यातच मिळाली होती आशियाडॅपिसची दाढ. मोहरीपेक्षा जराशी मोठी, काळी, चकचकीत. आशियाडॅपिस म्हणजे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा, ओंजळीत मावेल एवढा, लेमरसारखा प्राणी. माकडांचा आणि आपला लांबचा नातेवाईक. आता नामशेष. ओळख पटते ती मुख्यतः दातांवरून.

आमची लॅब म्हणजे सुरतच्या बमरोली भागात सुनंदाताईंच्या घराची पुढची खोली. ताई मूळच्या धुळ्याच्या, साड्यांवर खडे चिकटवतात. खिडकीचा उजेड चांगला म्हणून त्याही तिथेच बसतात.

"ताई, इथला काळा कण पाहिलात?"

"तो खडा? खाले पडना व्हता. मोरना डोयाले लाई दिन्हा!"

"कुठल्या मोराच्या डोळ्याला लावलात?"

"साडीना. गठ्ठा त सकायलेच पर्वत पाटियाले ग्या."

म्हणजे साड्यांचा गठ्ठा सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, पर्वत पाटियातल्या शेटच्या दुकानात पोचला होता. ताईंना प्रकार कळल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मन्ही माय! माकडना दात पदरवर?" आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. हसत हसतच रिक्षा पकडली.

दुकानात मी पदरामागून पदर उलगडत, भिंग लावून मोरांचे डोळे तपासू लागले. शेटला वाटलं, मोठ्या पार्टीने क्वालिटी चेकला बाई पाठवली. त्याने चहा मागवला, वर नाश्ताही. "बेन, माल एकदम फर्स्ट क्लास छे," तो घाम पुसत म्हणाला.

शेवटी एका जांभळ्या मोराने माझ्याकडे साडेपाच कोटी वर्षं जुन्या डोळ्याने पाहिलं. मी इतक्या जोरात किंचाळले की शेटच्या हातातला चहा सांडला. अॅसिटोनचा थेंब सोडला, गोंद सुटला, दाढ अखंड निघाली. ताईंनी तिथल्या तिथे मोराला खरा खडा बसवून दिला.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "सुंदर! पण ही चमकी कसली?"

"सुरतची हवा, सर."

काँट्रॅक्ट वाढलं. आमच्या धंद्यात वस्तू जिथे पहिल्यांदा मिळते तेच ठिकाण लेबलवर लिहायचं असतं. मी खाणीचं नाव लिहिलं. पर्वत पाटिया लिहायचा मोह फार कष्टाने आवरला.