गॅस बंद असल्याचे प्रतिज्ञापत्र

देवपुरात आमच्या गल्लीत लोटन भदाणे राहतात. धुळ्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक टेबल, दोन खुर्च्या आणि अलीकडे एक लॅपटॉप, एवढ्यावर त्यांचा धंदा चालतो. खरेदीखत, वारसाचा अर्ज, नावातला बदल, हरवलेली गुणपत्रिका, माणसाला सरकारदरबारी जे जे सिद्ध करावं लागतं ते लोटनभाऊ लिहून देतात. तोंडी बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि कागद हातात आला की माणूस शांत होतो, हे पंचवीस वर्षांत त्यांनी हजारदा पाहिलं आहे. एका म्हातारीला त्यांनी हयातीचा दाखला काढून दिला होता. तो छातीशी धरून ती म्हणाली होती, "आता जिवात जीव आला." हा किस्सा ते फार आवडीने सांगतात.

त्यांची मुलगी भूमिका. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ती माझ्या वर्गात होती, सहावीत. हुशार, हसरी, समास आखताना पट्टी तीनदा सरळ करणारी. नववीच्या दिवाळीनंतर तिच्या मनात गॅसची भीती बसली. शाळेला निघालं की वाटायचं, शेगडी चालू राहिली असेल. आजी घरात एकटी, घर पेटेल आणि ते आपल्यामुळे. ती मागे फिरून बटणं बघायची. आधी तीनदा, मग नऊदा. पुढे स्वतःच्या डोळ्यांवरचाही भरवसा गेला, तेव्हा आईला विचारू लागली. कामिनीवहिनी दिवसातून चाळीस वेळा सांगायच्या, "बंद आहे गं बाळा." हे औषध गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकायचं.

"तू तोंडी सांगतेस ना, म्हणून," लोटनभाऊ बायकोला म्हणाले. त्यांनी कोर्टकचेरीत चालणाऱ्या हिरव्या लेजर कागदावर टाइप केलं:

"मी खाली सही करणार लोटन भदाणे, वय सत्तेचाळीस, राहणार देवपूर, धुळे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या राहत्या घरातील गॅसची शेगडी आज रोजी बंद आहे. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे. खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन."

भूमिका तो कागद दप्तरात घालून वेळेवर शाळेत गेली. लोटनभाऊंनी मला घरी बोलावून चहा पाजला. "सर, जगात अर्धी दुखणी कागद नसल्यामुळे होतात," ते म्हणाले. मलाही ते पटलं, हे इथे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी भूमिकेने विचारलं, "पप्पा, 'माझ्या माहितीप्रमाणे' म्हणजे तुम्हाला नक्की माहीत नाही?"

"अगं, ती लिहायची पद्धत असते."

"पण तुमची समजूत चुकीची असली तर?"

लोटनभाऊंना आयुष्यात कोणत्याही वकिलाने हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दोन साक्षीदार घेतले. एक मी आणि दुसऱ्या समोरच्या किराणा दुकानाच्या सूरजबाई. रोज पावणेदहाला आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात जायचं, चष्मे लावून शेगडीकडे बघायचं आणि सही करायची. "सर, लग्नात सुद्धा माझी सही कोणी मागितली नव्हती," सूरजबाई म्हणायच्या. पण एक दिवस चुकवला नाही त्यांनी. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तर त्यालाही घेऊन यायच्या.

मग भूमिकेला शंका आली की कागदात नेमकी कोणती शेगडी ते लिहिलेलंच नाही. लोटनभाऊंनी शेगडीची चतुःसीमा घातली. पूर्वेस पिठाचा डबा, पश्चिमेस भांडी घासण्याची मोरी, उत्तरेस भिंत, दक्षिणेस कामिनी. कामिनीवहिनी हलत्या असल्यामुळे पुढे तिथे 'फ्रीज' अशी दुरुस्ती केली.

मग वेळेचा मुद्दा निघाला. सह्या पावणेदहाला होतात, ती निघते नऊ बावन्नला. मधल्या सात मिनिटांचं काय? पुरवणी जोडली. आणि ती गेल्यावर आजीने चहा ठेवला तर? आजी झुंबरबाईंकडून अंगठा घेऊन संमतीपत्र झालं की, दुपारी चारपर्यंत चहा करणार नाही.

"मना चहा बंद कया रे लोटन!" म्हातारी ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची. "आते मी कोनकडे अर्ज करू?"

गंमत वाटते ना? आम्हालाही वाटायची. पण दहावीच्या डिसेंबरपर्यंत ती फाइल विटेएवढी झाली होती. निघण्याआधी भूमिका ती पहिल्या पानापासून वाचायची. एक ओळ मनासारखी वाचली गेली नाही की पुन्हा पहिल्यापासून. घरातून पाय निघायला दोन-दोन तास लागायचे. आठवड्यातले चार दिवस शाळा बुडायची. वर्गशिक्षिका घरी येऊन सांगून गेल्या, "बोर्डाच्या पेपरला साडेदहाच्या नंतर फाटकातून आत घेत नाहीत. ही अशीच वाचत बसली तर मुलीचं वर्ष जाईल."

त्या गेल्यावर भूमिका भिंतीला टेकून रडली. "मला कळतं हो पप्पा, हे वेड्यासारखं आहे. कळतं तरी थांबत नाही."

लोटनभाऊंनी डोळे पुसले आणि म्हणाले, "नोटरी करून घेऊ का?"

त्या दिवशी पहिल्यांदा कामिनीवहिनींनी नवऱ्याच्या हातातला पेन काढून घेतला.

धुळ्यात कोणी बघेल म्हणून त्यांनी जळगावचा मनोविकारांचा दवाखाना निवडला. गल्लीत सांगितलं, मावसबहिणीचं लग्न आहे. बसमध्ये पारोळ्याच्या आसपास भूमिकेने विचारलंच, तेव्हा लोटनभाऊंनी पिशवीतून प्रवासासाठी केलेली प्रत काढली. दवाखान्याच्या बाकावर आमच्याच गल्लीतला इस्त्रीवाला अभिमन बायकोबरोबर बसलेला. "लग्नाला आलो," तो म्हणाला. "आम्हीपण," लोटनभाऊ म्हणाले. पुढचा तासभर पाचही वऱ्हाडी एकमेकांची नजर चुकवत बसून होते.

डॉक्टर प्रियल वयाने लहान. त्यांनी सगळी फाइल वाचली, पुरवण्यांसकट. मग म्हणाल्या, "लोटनभाऊ, अक्षर न् अक्षर प्रेमाने लिहिलंय हे. पण हा ओसीडी नावाचा आजार आहे आणि प्रत्येक कागदाने त्याचं पोट भरतं. आज एक भाकर दिलीत, उद्या तो दोन मागतो. खात्री मागणारी भूमिका नाही, तो आजार आहे."

"मग रागवायचं का? उत्तरच द्यायचं नाही?"

"रागवायचं नाही आणि पाठही फिरवायची नाही. जवळ थांबायचं आणि म्हणायचं, 'तुला भीती वाटतेय, मला दिसतंय. भीती असली तरी तू जाऊ शकतेस.' बस. गॅसबद्दल एक शब्द नाही."

"बंद आहे, एवढं तरी?"

"तेवढंच तर नाही."

मग त्या भूमिकेकडे वळल्या. "हे तुझ्याशी ठरवल्याशिवाय कोणी काही करणार नाही. एकेक कागद कमी करू. आधी कोणता?"

भूमिकेने बराच विचार केला. "आजीचं संमतीपत्र. तिला चहा लागतो."

त्यानंतर दर शनिवारी ती जळगावला जायची. तिथे तिला भीती घेऊन बसायला शिकवत. लोटनभाऊही शिकत होते, पण त्यांना जास्त जड जात होतं. दुसऱ्या भेटीला ते एक हिरवा कागद घेऊनच गेले: 'यापुढे मी कोणतेही प्रतिज्ञापत्र देणार नाही', सत्य प्रतिज्ञेवर, दोन साक्षीदारांसह. साक्षीदार आम्हीच. डॉक्टरांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकल्या.

सात मिनिटांची पुरवणी गेली. चतुःसीमा गेली. आमच्या सह्या गेल्या, तेव्हा सूरजबाईंना सकाळचं करमेना, त्या नुसत्याच दारात येऊन उभ्या राहायच्या. लोटनभाऊ मात्र चोरून मदत करायचे. मुलीने विचारलं की बोलायचे नाहीत, पण डोळे मिटून हळूच मान हलवायचे. ते बंद केलं तर म्हणाले, "आज घरात हवा कशी स्वच्छ वाटतेय, नाही?"

"अहो, हा पण दाखलाच झाला!" कामिनीवहिनी ओरडल्या.

सगळंच काही असं हसत झालं नाही. जानेवारीत एका सकाळी भूमिकेने दप्तर फेकलं, "तुम्हाला मी जळून मेले तरी चालेल," असं म्हणाली आणि दार लावून घेतलं. कामिनीवहिनी दाराबाहेर फरशीवर बसल्या. पाऊण तास. डॉक्टरांनी शिकवलेलं तेच एक वाक्य, मध्ये मध्ये, आवाज न चढवता. आतून शिव्या आल्या, मग रडणं, मग काहीच नाही. त्या दिवशी शाळा बुडाली. दुसऱ्या दिवशी भूमिका अकराला गेली, पण गेली. डॉक्टरांचं वाक्य सगळ्यांत चांगलं झुंबरबाईंना जमलं. त्या नातीचा हात धरून म्हणायच्या, "भेव वाटस ना बेटा? वाटू दे. तू जाय."

फेब्रुवारीत पहिला पेपर आला, मराठीचा. केंद्र चालत दहा मिनिटांवर. त्या सकाळी दप्तरात फक्त हॉलतिकीट, दोन पेन आणि पट्टी होती. सूरजबाईंनी आणि मी काहीही बघायचं नाही असं आदल्या दिवशी ठरलं होतं, म्हणून आम्ही आपापल्या दारात पाठमोरे उभे होतो. पाठमोरं उभं राहून मान किती वळवता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

दहाला पाच कमी असताना भूमिका उंबऱ्यावर थांबली. "पप्पा, गॅस..."

लोटनभाऊ साहेबासमोर उभ्या केलेल्या पक्षकारासारखे दिसत होते. "तुला... मला दिसतेस. म्हणजे भीती दिसते. वाटते. तू जाशील. जाऊ शकशील."

"पप्पा, उलटं म्हणालात."

"हो. पण अर्थ तोच आहे."

ती निघाली. कोपऱ्यावर थांबली. दहा वाजले. ती वळली आणि घराकडे यायला लागली, पाच पावलं, दहा. लोटनभाऊ पायरी उतरले, कामिनीवहिनींनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला. भूमिका गल्लीच्या मध्यावर उभी राहिली, दोन्ही मुठी आवळून. तिचे ओठ हलत होते. दहा वाजून नऊ मिनिटांनी ती वळली आणि चालू लागली. यावेळी कोपऱ्यावर थांबली नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर लोटनभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "कामिनी, पण खरंच बंद आहे का गं?"

कामिनीवहिनी स्वयंपाकघराच्या दारात आडवे पाय पसरून बसल्या. "तुम्हाला भीती वाटतेय, मला दिसतंय. बसा इथे."

ते बसले. कचेरीत गेले नाहीत. लिंबाखाली कोणीतरी भडगावहून वाटणीपत्र करायला आलं होतं, त्याचे पाच फोन आले. लोटनभाऊ घामाघूम होऊन दोन वाजेपर्यंत भिंतीकडे बघत बसले. मला म्हणाले, "सर, ही पोरगी रोज हे सोसत होती?"

सव्वादोनला भूमिका आली. चेहरा पांढरा पडलेला, बोटांना शाई. कोणीच काही विचारलं नाही. लोटनभाऊंचं तोंड उघडलं, पण वहिनींनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

पाण्याचा तांब्या रिकामा करून भूमिका आपणहून म्हणाली, "फाटकात दहा वीसला पोचले. निबंधाच्या वेळी गॅस आठवला. मला वाटलं, उठून जावं."

"मग?" आजीने विचारलं.

"मग काय. भीती गेलीच नाही, शेजारी बसूनच राहिली. मी लिहीत राहिले. निबंध तेवढा दीड पान कमी झाला." तिने पायातल्या चपला काढल्या आणि आईकडे पाहिलं. "खायला काय आहे? मला परवाच्या इंग्रजीचा अभ्यास करायचाय."