मधलं टेबल

परभणीत संध्याकाळी बाहेर जायचं म्हणजे कुठं जायचं, असं पुण्याच्या पाहुण्यांनी विचारलं की मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. आता सगळं झालंय इथं. दिव्यांच्या माळा लावलेली गार्डन हॉटेलं आहेत, प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरून गच्चीवर थाटलेली रेस्टॉरंट आहेत, शनिवारी गिटार घेऊन जुनी हिंदी गाणी म्हणणारा गायकसुद्धा येतो. जिन्याच्या भिंतीवर मोठाले पंख रंगवलेत, त्यांच्या मधोमध उभं राहून लोक फोटो काढून घेतात. दहा वाजले की सगळं शहर मुकाट्यानं घरी जातं, ते सोडा. मी वाढले तेव्हा यातलं काही नव्हतं. तेव्हा बाहेर जाणं म्हणजे दादांच्या पगाराची संध्याकाळ आणि स्टेशन रोडवरच्या हॉटेलातलं मधलं टेबल.

दादा म्हणजे माझे वडील. सरकारी ऑफिसात कारकून होते. पगार झाला की त्या दिवशी ते लवकर घरी येत, पुन्हा दाढी करत आणि स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री मारत. माय कुरकुरायची, "घरी काय भाकर मिळंना का?" पण पावडर लावून, नवी चप्पल घालून दारात आधी तीच उभी असायची.

त्या हॉटेलात भिंतीलगत पडद्याच्या खोल्या होत्या. बाईमाणूस आणि लेकरू सोबत बघून मालक आम्हाला तिकडंच हात दाखवायचा. दादा त्याच्यासमोरून सरळ पुढं जायचे आणि बरोब्बर मधल्या टेबलाशी, पंख्याखाली बसायचे. "पडद्याआड बसायला आपण काय चोरी केलीय?" हे ते मायला सांगायचे, पण आवाज मालकापर्यंत जाईल एवढा असायचा. टेबल रिकामं नसलं तर आम्ही उभं राहायचो. कोपऱ्यात जागा असायची, दाराजवळ असायची, मला भूक लागलेली असायची. तरी मधलं मिळेपर्यंत उभंच.

बसल्यावरही नियम होतेच. जगमधलं पाणी आपण ओतून घ्यायचं नाही, वेटर ओतेल. तो येईपर्यंत थांबायचं. खाऊन झालं की प्लेट एकावर एक रचायच्या नाहीत, कप बाजूला सरकवायचा नाही. एकदा चांगलं वळण दाखवायचं म्हणून मी माझी बशी उचलून द्यायला गेले तर दादांनी माझं मनगट धरलं. "ठिव खाली. आपण पाहुणे हाव. पाहुणे भांडी उचलत न्हाईत." वेटरशी मात्र ते कधीच चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्याला भाऊ म्हणायचे, तुमी म्हणायचे. इडली-सांबार, मग पुरी-भाजी आणि सगळ्यात शेवटी चहा, कपबशीतच. बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश. तो चहा कधी संपतो असं मला व्हायचं.

दहावीत असताना मला या सगळ्याची लाज वाटायला लागली होती. वर्गातली एक मुलगी कोपऱ्यातल्या टेबलावरून आमच्याकडं बघत होती. मी हळूच म्हटलं, "दादा, लवकर आटपा ना. लोक बघायलेत."

"बघू दे," दादा म्हणाले. "त्याच्यासाठीच बसलोय."

त्याचा अर्थ मला मायनं पुढं सांगितला, दादा घरी नसताना, ज्वारी निवडता निवडता. आमचं गाव झरीच्या पलीकडं. गावात एकच हॉटेल, म्हणजे छपरातली चहाची भट्टी. आमच्या वस्तीतल्या माणसांचे कप आत नसत, बाहेरच्या लाकडी मेढीला ठोकलेल्या फळीवर पालथे घातलेले असत. कान तुटलेले. आजोबा बाजारच्या दिवशी लहानग्या दादांना घेऊन जायचे. कप काढायचा, खाली उकिडवं बसायचं, वरून धार पडेल तसा धरायचा. पिऊन झालं की हौदाजवळ धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा. एकदा दादांनी कप उताणा ठेवला म्हणून आजोबांना चारचौघांत शिव्या बसल्या. शिव्या आजोबांना, लेकराला नाही. माय म्हणाली, "त्यांनी आजपातूर मला हे एकदाच सांगितलंय. तू इचारू नको." मी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांचा चहा मला कधी लांबला असं वाटलं नाही.

माय गेली आणि दादांचं विसरणं वाढलं. आधी चष्मा, मग दार, मग वार. मी मानवतच्या शाळेत शिकवते, संध्याकाळच्या एसटीनं परत येते. आले की शेजारच्या मावशी दिवसभराचा हिशेब सांगतात: आज जेवले, आज जेवले नाहीत, आज ऑफिसला जायचं म्हणून दारात बसले होते. मला ते कधी ओळखतात, कधी पाहुणी समजून "बसा" म्हणतात. डॉक्टर म्हणाले, त्यांना आवडायच्या त्या जुन्या गोष्टी करत राहा, कधीकधी माणूस त्यात सापडतो.

सापडतो, हा शब्द मी धरून बसले. दादांना आवडायची अशी गोष्ट मला एकच ठाऊक होती. स्टेशन रोडचं ते हॉटेल केव्हाच बंद झालंय, तिथं मोबाइलचं दुकान आहे. म्हणून मी गच्चीवरच्या त्या नव्या रेस्टॉरंटला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलला. सीनियर सिटिझन आहेत तर कोपऱ्यातला सोफा ठेवतो मॅडम, शांत आहे, व्ह्यू पण आहे. मी म्हटलं, व्ह्यू तुमच्याकडंच राहू द्या, मला मधलं टेबल पाहिजे. त्याला वाटलं असेल, बाईला मिरवायचंय. खरंच होतं ते. मला माझे दादा एकदा, एकदाच, पूर्वीसारखे बसलेले बघायचे होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या शर्टाला इस्त्री केली. कॉलर बघून ते म्हणाले, "पगार झाला का?" मी म्हटलं, झाला. "माय कुठंय?" मी म्हटलं, येईल मागून.

आणि काय सांगू, ते बसले की हो! त्या पांढऱ्या खुर्चीत ताठ, दोन्ही हात टेबलावर, नजर समोर. काळ्या शर्टातला तरणा वेटर आला तर म्हणाले, "भाऊ, पाणी द्या." त्यानं ओतेपर्यंत ग्लासाला हात लावला नाही. माझ्याकडं बघून हसले आणि माझं नाव घेतलं. किती दिवसांनी घेतलं. इडली आली, ती खाल्ली. गायकानं कुठलं तरी जुनं गाणं धरलं, तर दादांची बोटं टेबलावर वाजायला लागली. मला वाटलं, सापडले. मी तोंड वळवून डोळे पुसले आणि खुशाल पुरी-भाजी मागवली.

शेवटी चहा. वेटर म्हणाला, मातीच्या कुल्हडमध्ये देतो मॅडम, आमच्याकडं तेच चालतं. मी हटून बसले. कुल्हड नको, कपबशी आणा, कुठूनही आणा. बिचाऱ्यानं आत जाऊन स्टाफच्या दोन कपबशा शोधून आणल्या. जुन्या, पांढऱ्या, एकीच्या कपाचा कान उडालेला. ती मी माझ्यापुढं ठेवायला सांगितली. पण ठेवताना अदलाबदल झाली आणि कानतुटका कप दादांसमोर आला. मी बदलायला हात पुढं केला, तोवर त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला होता.

बशीत ओतला नाही. फुंकर घातली नाही. घाईघाईनं, मान खाली घालून प्यायले. मग डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, कप छातीशी धरून उठले आणि टेबलांमधून अंग चोरत चालू लागले. कुणाच्या खुर्चीला आपला धक्का लागू नये असं चालणं होतं ते. दादांना असं चालताना मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

वेटर समोर आला. दादा थांबले, खांदे पाडून. "मालक, पाणी कुठंशी हाय? कप धुवून ठिवतो."

"अहो काका, राहू द्या, मी घेतो." त्यानं हात पुढं केला. दादांनी कप पटकन मागं ओढला.

"न्हाई मालक, तुमी हात नका लावू. इटाळ व्हईल."

"काय होईल?" वेटरनं माझ्याकडं बघून विचारलं. खरंच त्याला कळलं नव्हतं. विशीतलं पोर ते, चांगलं पोर. त्याला कळलं नाही याचं मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मला त्या क्षणी काहीच बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या पगाराच्या संध्याकाळी, पंख्याखालचं टेबल, तो रुबाब, सगळं पुसून गेलं होतं आणि छपराबाहेरची मेढ तेवढी जागच्या जागी होती. विसरायचंच होतं तर हे विसरायचं होतं ना, दादा.

मी जाऊन त्यांचं कोपर धरलं. "दादा, आपण पाहुणे आहोत. पाहुणे भांडी उचलत नाहीत." माझा आवाज जरा चढलाच असेल. गायक गाता गाता थांबला.

दादांच्या डोळ्यांत भीती होती. "हळू बोल, पोरी," ते म्हणाले. "लोक बघायलेत."

मग मी नाही अडवलं. हात धुवायच्या बेसिनपाशी घेऊन गेले. त्यांनी नळ बारीक सोडला, अंगठ्यानं कपाची कड घासली, आत बोट फिरवलं, पाणी झटकलं आणि कप बेसिनच्या कडेला पालथा घातला. दोनदा बघितला, नीट पालथा आहे ना. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. इतका मोकळा की मला बघवेना.

"तुझा बी आण," ते म्हणाले. "न्हाईतर माझ्या बाला शिव्या बसतील."

"धुतला दादा," मी म्हटलं. "पालथा ठेवला."

"शाणी हायस."

त्यांना धरून मी दाराकडं निघाले. जिन्याच्या वरच्या पायरीवर एकदा मागं वळून बघितलं. मधल्या टेबलावर माझा कप उष्टा, उताणा, तसाच होता. वेटर आला आणि त्यानं तो उचलून नेला.