ला पाझमधलं पित्त

अगं पोरींनो, या, अशा जवळ बसा. आणि आधी बोलणी खाऊन घ्या. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे घेऊन जमलो तिथे, ऐकलं, तुम्ही चौघी पाठीवर पिशव्या टाकून पेरू-बोलिव्हियाला निघालात म्हणे. जा, जरूर जा. पण तुमच्यातली एक मला हसत म्हणाली, "मावशी, उंचीचं काय एवढं? डोकं दुखलं तर गोळी घेऊ." तिथे माझं डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी लवकर सुटली, त्यामुळे बोलते तसंच लिहिते. सांभाळून घ्या.

डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात कागदी गाऊन सावरत टेबलावर बसले होते, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या हृदयात एक छिद्र आहे. जन्मापासून." शब्द होता एट्रियल सेप्टल डिफेक्ट. म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन खोल्यांमधली भिंत पूर्ण झालेलीच नसते. शुद्ध रक्त एका खोलीतून दुसरीत गळत राहतं आणि फुप्फुसांवर उगाच बोजा पडतो.

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे मराठीत पुटपुटले, "बघायला आलो तेव्हा कोणी बोललं नाही." मला हसू फुटलं. मग हसता हसता रडू आलं, ते थांबेचना.

आता हे छिद्र सापडलं कसं, ते ऐका.

मुलं कॉलेजात गेली आणि घर सुनं झालं, तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणींनी ठरवलं, आपणही एकदा असं फिरायचं. सुलभा कार कंपनीत प्रोग्रॅमर, मंदा डोळ्यांची डॉक्टर, आणि मी शेजारच्या मुलांना घरी सांभाळणारी. लेकाची बॅकपॅक मागितली तर तो म्हणाला, "आई, आर यू सीरियस?" म्हटलं, सीरियसच. मागच्या कप्प्यातले तुझे मोजे तेवढे काढून घे.

मायामीहून थेट ला पाझला उतरलो. ते शहर आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे. पहिल्या दिवशी चढाचे रस्ते, घोंगड्यांचा बाजार, काय सांगू मजा! संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं आणि उलटी झाली.

सुलभा म्हणाली, "पित्त झालं तुला. विमानातली कॉफी."

आणि गंमत म्हणजे मंदानेही मान डोलावली. एवढी अमेरिकेत शिकलेली डॉक्टर, पण डोकं दुखून उलटी झाली की तिच्याही तोंडून पहिला शब्द पित्त. आपण सगळ्या त्यातच वाढलो ना! मी आमसुलं नेली होतीच. पाण्यात कुस्करून साखर घालून प्यायले. हॉटेलवालीने कोकाच्या पानांचा चहा आणला, तिकडे उंचीच्या त्रासावर देतात तो, तर सुलभा किंचाळली, "यार, पिऊ नको, कोकेन असतं त्यात!" त्या बाईने आमसुलाच्या काळपट लाल पाण्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी धाप लागायला लागली. केस विंचरताना हात खाली ठेवून श्वास घ्यावा लागे. मी म्हटलं, पित्त छातीत चढलंय. कोरडा खोकला सुरू झाला, तर म्हटलं थंडी बाधली. पुढचं गाव पोटोसी, ते आणखी उंच. बसची तिकिटं काढून ठेवलेली.

बस होती त्या सकाळी मी रुमालात खोकले, तर फेस आला, गुलाबीसर.

"तुम्ही दोघी जा गं," मी म्हटलं. "मी पडून राहते. पित्त आपोआप उतरेल."

मंदाने रुमाल बघितला आणि तिचा चेहराच बदलला. माझ्या पाठीला कान लावला. मग सुलभाला म्हणाली, "पोटोसी कॅन्सल. टॅक्सी आण."

"अगं, माझ्यामुळे तुमची ट्रिप..."

"नलू, तू एक शब्द बोलू नकोस. त्याला लागणारी हवासुद्धा तुझ्याकडे नाहीये."

तिथल्या डॉक्टरांना मोडकं इंग्रजी येत होतं, पण पुरेसं होतं. "वॉटर इन लंग्ज. गो डाउन. टुडे." याला पल्मनरी एडिमा म्हणतात. विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी झिरपतं, आणि माणूस कोरड्या खोलीत बसल्या बसल्या बुडायला लागतो. मी खरंच बुडत होते. नाकाला ऑक्सिजन लावून त्यांनी मला विमानाने सान्ता क्रूझला, सखल गावी, पाठवलं. विमानाचं दार उघडलं, गरम दमट हवा आत आली, आणि मी पोटभर श्वास घेतला. असा श्वास कधी घेतला होता, आठवेना.

घरी आल्यावर मंदाने पिच्छा पुरवला. "तिघी एकत्र चढलो, मग बुडालीस तू एकटीच का?" म्हणून तपासण्या झाल्या. एकोकार्डिओग्राम, म्हणजे आवाजाच्या लाटांनी काढलेलं हृदयाचं चित्र. दुखत नाही, जेल तेवढं गार लागतं. मग कॅथेटर, जांघेतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी. आणि मग छाती उघडून ऑपरेशन, छिद्राला ठिगळ. तेवढा वेळ हृदयाचं काम मशीनने केलं. शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती, बोलता येईना. हे म्हणतात, संसारातली ती एकमेव शांतता.

पण बायांनो, खरं सांगायचं ते पुढेच आहे. लहानपणी दमून जिन्यात बसायची तर आई म्हणे, पित्तप्रकृती आहे. सासरी पाण्याची कळशी अर्ध्या वाटेत टेकवायची तर म्हणत, आळशी आहे. मलाही तसंच वाटायचं, आपण मुळातच कामचुकार. बरी झाल्यावर एकदा धुतलेल्या कपड्यांची बास्केट बेसमेंटमधून वर आणली आणि स्वयंपाकघरात पोचल्यावर लक्षात आलं, मध्ये कुठे टेकलेच नाही. तशीच उभी राहिले, बास्केट कमरेवर. एवढी वर्षं मी अर्ध्या दमात सगळं केलं होतं, दोन मुलं, घर, देश बदलणं. त्या आळशी मुलीची मला फार माया आली.

म्हणून सांगते, धाप लागली तर धापच म्हणा. तिला घरातलं जुनं नाव देऊ नका. एकीला बरं नसेल तर सगळ्यांनी खाली उतरा, आणि उतरायला लागलं म्हणून तिला बोलू नका. मला मंदा-सुलभाने एकदाही बोलून दाखवलं नाही.

आणि निघण्याआधी या रविवारी चौघीजणी ट्रॉयला आमच्या घरी या. साबुदाण्याची खिचडी करते. मंदाही येणार आहे. डोळ्यांची डॉक्टर असून त्या सहलीपासून पर्समध्ये स्टेथोस्कोप बाळगते ती. प्रत्येकीची छाती ऐकल्याशिवाय सोडणार नाही, तेव्हा लाजू नका. या गं, लवकर या.