नागपूर चढून राहिलं

सकाळी सहाच्या सुमारास मनीषनगरच्या आमच्या गल्लीत दोन गोष्टी व्हायच्या. नळाला पाणी यायचं, आणि दोन घरं सोडून राहणारे डाखोळे काका अंगणातल्या खुर्चीत बसून, डावं मनगट डोळ्यांसमोर धरून, मोठ्यांदा सांगायचे, “तीनशे बारा. नागपूर जागेवर आहे.”

कोणी विचारलेलं नसायचं. तरी सांगायचे. पाण्याच्या बादल्या भरणाऱ्या आम्ही बायका मान न वळवता “बरं झालं काका” म्हणायचो आणि पुढची बादली नळाखाली सरकवायचो.

काका आणि मी एकाच कचेरीत होतो. कालव्यांचं खातं. काका हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. बाहेर फिरणारे लोक जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजमापं वहीत लिहून आणायचे आणि काका ती मोठ्या रजिस्टरात उतरवून काढायचे. तीसेक वर्षं या माणसाने अर्ध्या विदर्भाची उंची सुवाच्य अक्षरात लिहिली, पण स्वतः कधी टेबल सोडून टेकडीवर चढला नाही. साहेबांनी कधी पाठवलंच नाही. त्याबद्दल कुरकुर नव्हती. फक्त कधीतरी म्हणायचे, “दुसऱ्यानं मोजलेलं लिहून लिहून हात दुखला वं मालती. एकदा आपल्या हातानं मोजाचं आहे मले.”

आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत. गणपतीचं चित्र, खाली सर्वांची नावं. काकांनी महिनाभर आधीच सांगून टाकलं, “भिंतीवरचं नको, मनगटावरचं द्या. अन् मी सांगतो तेच द्या.” आम्ही दिलं. काळं, जाडजूड, चारी बाजूंना बटणं असलेलं, डोंगर चढणाऱ्या पोरांचं असतं तसं डिजिटल घड्याळ. काकांच्या बारक्या मनगटावर ते असं दिसायचं, जणू घड्याळानेच काकांना धरून ठेवलंय. त्यात होकायंत्र होतं, तापमान होतं, पाच गजर होते, धावण्याची वेळ मोजायची सोय होती, आणि मुख्य म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये होती. ते शंभर मीटर पाण्यात टिकतं असं लिहिलेलं होतं, म्हणून काका ते आंघोळीच्या बादलीत बुडवून रोज खात्री करायचे.

सोबत आलेलं बारीक इंग्रजी अक्षरांचं पुस्तक त्यांनी भिंग लावून वाचलं, लाल पेन्सिलीने रेघा मारल्या, प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि पंचांगाशेजारी ठेवलं. तापमान बघायचं तर घड्याळ काढून पंधरा मिनिटं सावलीत ठेवायचे. “मनगटावर ठेवलं तं ते माह्याच अंगाचा ताप सांगते,” हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

आता यातली खरी गंमत सांगते, कारण तिच्यावरच पुढचं सगळं आहे. ते घड्याळ उंची मोजतं हवेच्या दाबावरून. डोंगर चढलं की दाब कमी होतो, म्हणून आकडा वाढतो. पण वादळ येणार असलं तरी दाब कमी होतो. मग बिचाऱ्या घड्याळाला वाटतं आपण वर चाललो. माणूस खुर्चीत बसलेला आणि घड्याळ म्हणतं, चढलात. काकांनी हे दोन महिन्यांत ओळखलं. दुपारी चारपर्यंत नागपूर रोजच थोडं चढतं आणि संध्याकाळी उतरतं, हेही त्यांनी लिहून लिहून शोधलं. त्याहून जास्त चढलं, की समजायचं काहीतरी येतंय. त्यासाठी ते रोज त्याच खुर्चीत, त्याच जागी बसायचे. म्हणायचे, “एका जागी बसल्याबिगर समजत नाही, गाव चढलं का आपुन.”

एका एप्रिलमध्ये भर दुपारी काका माझ्या फाटकाशी आले. गल्लीतल्या चार बायका माझ्याकडे बसल्या होत्या. काका म्हणाले, “मालती, नागपूर लय चढून राहिलं आज.” माझी जीभ कशाची थांबते! मी म्हटलं, “नागपूर नाही काका, तुम्हालाच चढली असेल.” बायका हसून हसून लोटपोट झाल्या. ज्या माणसाने जन्मात दारूच्या दुकानाची पायरी पाहिली नाही, चहासुद्धा अर्धा कप घेतो, त्याला मी हे म्हटलं. काकाही हसले आणि परत गेले. संध्याकाळी असा पाऊस आला की गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या वर्षाच्या कुरड्यांचा लगदा झाला. काका तेच सांगायला आले होते. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. विनोद मात्र सगळीकडे झाला, पार कचेरीपर्यंत गेला.

दोन वर्षांनी माझ्या रेणूचं लग्न ठरलं. पारशिवनी आमच्या ह्यांचं गाव, म्हणून लग्न तिथेच करायचं ठरलं. शाळेच्या मैदानात मोठा मंडप, शाळेच्या पक्क्या इमारतीत वरपक्षाचा जानोसा. मुहूर्त साडेचारचा. काका सकाळीच आले, मंडपाच्या कडेला एक खुर्ची पकडली आणि बसले. पाहुण्यांना वाटलं म्हातारा थकला. जेवायलासुद्धा उठले नाहीत, पान तिथेच मागवलं.

साडेतीनला त्यांनी मला बोलावून घेतलं. मी पैठणीत, घामाने थबथबलेली, हातात अक्षतांचं ताट. आभाळ स्वच्छ. पान हलत नव्हतं. काका हळूच म्हणाले, “सकाळपासून खुर्ची हलवली नाही मी. पारशिवनी साठ मीटर चढली वं. रोजचं चढणं तीसच्या वर नसते. लोकं मंडपातून काढ.”

मंडपवाला गजानन तिथेच होता. तो भडकला. म्हणाला, मी इतकी वर्षं मंडप घालतो, आभाळाकडे बघून मला कळतं, हे काय मनगटावरचं खेळणं सांगणार? आवाज वाढला. चार लोक जमले. त्यात नवरदेवाचे काका. त्यांनी विचारलं काय झालं. डाखोळे काकांनी सरळपणे सांगितलं, “गाव चढून राहिलं जी.”

नवरदेवाच्या काकांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मुलीकडच्यांनी लग्नात पिऊन आलेली माणसं बसवली का?”

माझाच विनोद होता तो, दुसऱ्या शब्दांत. फक्त या वेळी कोणी हसलं नाही. डाखोळे काका खुर्चीतून उठले नाहीत. फक्त त्यांनी मनगट मांडीवर खाली ठेवलं, शर्टाची बाही ओढून घड्याळ झाकलं आणि जमिनीकडे बघत बसले. त्या झाकलेल्या घड्याळाकडे बघून मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

एकीकडे रेणूचं लग्न. मुहूर्ताला तासभर असताना भरला मंडप रिकामा करायचा म्हणजे वरपक्षाचा अपमान आणि अपशकुन, दोन्ही एकदम. आणि वादळ आलंच नाही तर मुलीला जन्मभर ऐकावं लागणार. दुसरीकडे मंडपात चारशे माणसं, पंख्यांखाली निजवलेली लेकरं, लोखंडी पाइप आणि वरती टांगलेली झुंबरं. मी ताट ह्यांच्या हातात दिलं. नवरदेवाच्या काकांना हात जोडले आणि म्हटलं, “डाखोळे काका पीत नाहीत. मी यांच्या हाताखाली काम केलंय. यांच्या रजिस्टरात तीस वर्षांत एक आकडा खोडलेला नाही.”

मग भटजींसमोरचा माइक घेतला आणि सांगितलं, लग्न शाळेच्या हॉलमध्ये लागेल, सगळ्यांनी आत्ता जानोशावर चला. कुजबुज झाली. नवरदेवाचे काका रुसून एका वर्गात जाऊन बसले. पण लोक निघाले. आचाऱ्याने नाइलाजाने गॅस बंद केला आणि सिलिंडर भिंतीकडे नेले. डाखोळे काका शेवटी निघाले, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांतून एकदा फिरून, कोणी लेकरू राहिलं का बघून.

चार वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेकडून धूळ उठली. तिच्यामागून वारा, आणि वाऱ्यामागून बोराएवढ्या गारा. शाळेच्या खिडकीतून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मंडप एका बाजूने उचलला गेला, हवेत क्षणभर थांबला आणि पाइपांसकट खुर्च्यांवर बसला. पहिल्या चार रांगा दिसेनाशा झाल्या. तिथे थोड्या वेळापूर्वीपर्यंत नवरदेवाकडच्या बायका बसल्या होत्या. गजानन दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसला होता.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बुंदीच्या कढईत तेवढ्या गारा भरल्या.

मंगलाष्टकं फळ्यासमोर झाली. अक्षता टाकून झाल्यावर नवरदेवाचे काका डाखोळे काकांजवळ गेले आणि भर हॉलमध्ये वाकून नमस्कार केला. मीही केला. मी डाखोळे काकांना त्या दिवशी कुरड्यांचीही गोष्ट सांगितली, माफी मागितली. ते म्हणाले, “तुह्या कुरड्या भिजल्या त्याचं मले वाईट वाटलं होतं. हसण्याचं नाही. मान्सानं हसावं.” मग बाही वर करून घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “उतरून राहिली आता पारशिवनी. जेवण वाढा.”

मागच्या थंडीत काका गेले. आदल्या सकाळपर्यंत आम्हाला नागपूर जागेवर असल्याचं सांगून, झोपेतच. पाण्याच्या वेळी गल्ली आता शांत असते. काकांसोबत काम केलं, त्यांच्या शेजारी राहिले, हे मी कोणालाही मान वर करून सांगते.

या उन्हाळ्यात पारशिवनीला चुलतपुतण्याचं लग्न होतं. त्याच मैदानात मंडप. मी जरा लवकर पोचले, तर रिकाम्या मंडपाच्या कडेला एका खुर्चीत गजानन बसलेला. मजूर झालर बांधून राहिले होते, बँडवाले रस्त्यावर खोळंबले होते, आणि हा हलायला तयार नाही. जवळ गेले तर त्याच्या मनगटावर तसंच काळं जाड घड्याळ.

मी म्हटलं, “काय करून राहिला गा गजानन?”

“सकाळचा बसलो काकू. डाखोळे काकांनी त्या वर्षी शिकवून देलं. एका जागी बसल्याबिगर समजत नाही, गाव चढलं का आपुन.”

त्याने मनगट डोळ्यांसमोर धरलं, नीट वाचलं, आणि बँडवाल्यांकडे बघून मोठ्यांदा सांगितलं, “पारशिवनी जागेवर आहे. येऊ द्या वरात.”