टर्नर पाहिजे, भौतिकशास्त्रासाठी

भौतिकशास्त्राच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत फक्त शास्त्रज्ञच नोकरीला असतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत सगळ्यांनी तेच गृहीत धरलेलं. मला मात्र पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची घरचीच सवय. तशीच एका प्रयोगशाळेची भरतीची जाहिरात वाचली, तर डॉक्टरेटवाल्यांच्या खाली, अगदी तळाला, ‘टर्नर’ लिहिलेलं. माझी ताई आयटीआय झालेली टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातूचे भाग कातणारी, पण काम नाही म्हणून घरी बसलेली, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू.

“अरे, तिथे टर्नरने काय करायचं? पृथ्वी फिरवायची?” ताई म्हणाली.

“मग त्यांच्या यंत्रांचे भाग कोण बनवतं? शास्त्रज्ञ काय दाताने लोखंड कापतात?” मी सभेत भाषण केल्यासारख्या आवाजात विचारलं.

ताईने अर्ज केला. आईने चाळीत सांगितलं, पोरगी लॅबमध्ये लागतेय. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू छोटी बाटली घेऊन दारात हजर. “उपाशीपोटीचं लागतं, की जेवल्यानंतरचं चालेल?”

मी त्यांना विज्ञान आणि श्रम यांचं नातं समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. “बरं. म्हणजे शुगर नाही बघत.”

ताईने चाचणीत लेथवर तुकडा अचूक कापला आणि तिची निवड झाली. लग्नाची बोलणी तिनेच थांबवली. काकूंची सूनही वायरमनचं शिकलेली आणि त्याच जाहिरातीत वायरमनचीही जागा होती. पण तिच्यापर्यंत ‘लॅब’ एवढाच शब्द पोचला आणि मुदत संपली. म्हणून विनंती आहे: अशी जाहिरात दिसली की तळाची पदं आधी वाचा, ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि आपल्या चाळीच्या फळ्यावर लावा.